जाळीखालची चुन्याची डबी

१

गेनूच्या डाव्या गालावर चार पट्ट्या उमटल्या होत्या. सरळ, सारख्या अंतराच्या, पोरांनी पाटीवर रेघा आखाव्यात तशा. पंचनाम्याला मी अगदी जवळ उभी होते. मी त्या पाहिल्या आणि सोडून दिल्या. समोर ओळखीचा माणूस मरून पडलाय म्हटल्यावर त्याच्या गालाकडे कोण बघत बसतं? पण तिथंच माझं चुकलं.

मी बनाबाई. भाटघरच्या पाण्याकाठी आमची वाडी आहे, तिथली पोलीस पाटील. वय चव्वेचाळीस, शिक्षण दहावी पास आणि तोंडानं फटकळ, असं गावच म्हणतं. बाई पोलीस पाटील झाली म्हणून पहिली दोन वर्षं लोक हसले. आता हसत नाहीत, नुसती भांडणं घेऊन दारात येतात.

सन २००६ चा मार्च होता, शिमगा आठवड्यावर आलेला. वाडीपासून अर्ध्या कोसावर धरणाच्या पाण्याला लागून 'निळाई' नावाचं रिसॉर्ट झालं होतं. पुण्याची माणसं यायची, पोहायच्या तलावात डुंबायची, शेजारच्या गरम पाण्याच्या हौदाकाठी अंगाला तेल चोळून घ्यायची. आमच्या वाडीत प्यायच्या पाण्याला नळ नाही आणि यांना बसायला ऊन पाण्याचा हौद! असो. गेनू तिथं रात्रपाळीचा राखणदार होता, हौदाचं पाणी सोडणं-बंद करणं त्याच्याकडेच. त्याची बायको चंद्राबाई दिवसा तिथंच झाडलोट करायची.

मंगळवारी सकाळी चंद्राबाईनंच त्याला पाहिलं. हौदाच्या दगडी कडेवर उजवं कानशील आपटून फुटलं होतं. देह बाजूच्या, जाळी नसलेल्या कडप्प्यावर उताणा पडला होता. तलावाच्या आणि हौदाच्या भोवती राखाडी रंगाची जाळी अंथरलेली होती आणि ती ओलीचिंब होती. हौदाचं पाणी रात्रभर चालूच राहिलं होतं.

रिसॉर्टचा मॅनेजर कुमार, पुण्याचा, तिशीचा, सारखा मोबाईल कानाला. तो भोरच्या फौजदारसाहेबांना म्हणाला, ही जाळी तीन महिन्यांपूर्वी भोरच्या अय्युब मिस्त्रीनं घातली. पाणी खाली निथळून जाईल, वर तेल सांडलं तरी पाय सरकणार नाही, असं छातीठोक सांगून घातली. माल एक दाखवला आणि घातला भलताच, त्यानंच हा माणूस घेतला. साहेबांना एवढं पुरे होतं. अय्युब त्या दिवशी राजगडाच्या पायथ्याला पालीत एका खानावळीची फरशी बसवत होता. त्याच्या हातातली थापीसुद्धा त्यांनी नीट खाली ठेवू दिली नाही.

मी पंचनाम्यावर सही केली आणि घरी येऊन अंघोळ केली. बुधवारी सकाळी माझ्या ओट्यावर एक बाई येऊन बसली. तिच्या मांडीवर त्याच जाळीचा हातभर तुकडा होता.

२

ती हसीना होती, अय्युबची बायको. भोरच्या शाळेत आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. तिच्या डब्यातला खिमा मी खायची आणि माझ्या डब्यातली मेथी ती. लग्नं झाल्यावर भेटी बाजारच्या दिवसापुरत्या उरल्या, तरी तिनं हाक मारली ती जुनीच.

"बने, तू तिथं होतीस. तू सांग, माझ्या माणसानं खोटा माल घातला का?"

मी म्हटलं, मला जाळीतलं काय कळतं? ती म्हणाली, कळत नसेल तर शिकून घे. रात्रभर झोपली नसावी, डोळे सुजले होते. तिनं सांगितलं ते असं. साहेबांनी अय्युबवर दोन कलमं लावली, एक माणूस मेल्याचं आणि एक फसवणुकीचं. दुसऱ्या कलमामुळं तो सुटत नाही. माल पुण्याला तपासायला जाणार आणि त्याला महिने लागणार. तोवर भोर-वेल्ह्यातली हातातली सगळी कामं दुसरे घेऊन जाणार. ते एक वेळ जाऊ दे म्हणाली, पण आज सकाळी नळावर एक बाई म्हणाली, ह्यांच्या हातानं माणूस मेला. हे सांगताना मात्र हसीनाचा आवाज फुटला.

"पंचवीस वर्षं फरश्या बसवतोय. एक म्हातारी कुठं घसरली नाही. तो आत बसून एकच म्हणतोय, जाळी खोटी नाही."

मी तिला चहा दिला. तिनं तो घेतला नाही. मी काय करू शकणार होते? पोलीस पाटलाचं काम वर्दी द्यायचं, शोध लावायचं नव्हे. तसं मी बोललेही. हसीनानं जाळीचा तुकडा माझ्या ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, हा राहू दे तुझ्याकडं. ती एसटीला गेली आणि तो तुकडा दिवसभर माझ्याकडे बघत राहिला.

शेवटी दुपारी मी भोरला गेले आणि ठाण्यात अय्युबला भेटले. पाटील म्हणून पाच मिनिटं मिळाली. तो खांदे पाडून बसला होता. मी विचारलं, जाळीवर पाय सरकेलच कसा? तो म्हणाला, सरकतच नाही भाभी. वरच्या अंगाला बारीक दाणे आहेत, ते पायाला धरतात. खालच्या अंगाला लांब पट्ट्या, त्या गुळगुळीत ठेवाव्या लागतात, नाहीतर तेल-साबण अडकून पाणी मोरीकडे वाहत नाही. दर सोमवारी तलाव बंद असतो, तेव्हा जाळीचे तुकडे उचलायचे, धुवायचे, वाळवायचे आणि पुन्हा अंथरायचे, हे त्यानं रिसॉर्टवाल्यांना चार वेळा सांगितलं होतं.

"मग गेनू कसा घसरला?" मी विचारलं.

"त्याला कुणी ढकलला असंल," अय्युब म्हणाला, आणि आपण काय बोलून गेलो हे कळून दाराकडं बघायला लागला.

३

गुरुवारी मी 'निळाई'त गेले. कुमारनं मला खुर्ची दिली आणि मोबाईलवर बोलत मला पंधरा मिनिटं बसवून ठेवलं. मग मीच उठून त्याच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, आधी गेनूशी तुमचं वाजलं होतं का? तो चपापला. वाजलं होतं. गेनू आठ दिवस म्हणत होता, हौदाकडची ट्यूब गेलीय, अंधारात व्हॉल्व्ह दिसत नाही. कुमार म्हणत होता, पुण्याहून येईल तेव्हा लावू.

पंचनाम्याच्या वेळी हौदावरची ट्यूब भर सकाळी लख्ख पेटलेली मी पाहिली होती. नवी कोरी, खाली कचऱ्याच्या डब्यात पुठ्ठ्याचं खोकं. मी विचारलं, ती कधी लावली? कुमारनं खाली बघितलं आणि सांगितलं, मंगळवारी, पोलीस यायच्या आधी. पण त्यानं काय होतं, तो म्हणाला, अंधार असला तरी जाळी खरी असती तर माणूस घसरला नसता. मला त्याची चीड आली, पण हे बोलणं चुकीचंही नव्हतं.

मग त्यानं फाटकावरची हजेरीची वही दाखवली. सोमवारी पाहुणे नसतातच; संध्याकाळी सहानंतर गेनू सोडून आत कुणी नव्हतं, फाटकाला कुलूप. म्हणजे ढकलणारं कुणी नव्हतं. मंगळवारी फाटकाबाहेरच्या खोलीतून उठून कुमारनं चंद्राबाईला कुलूप उघडून दिलं ते बरोबर सहाला, आणि तो पुन्हा झोपला. तिच्या ओरडण्यानं कुमार जागा झाला, तेव्हा भोरची पहिली एसटी रस्त्यानं जात होती. ती एसटी पावणेसातला जाते. मी रोज तिच्या आवाजावर चूल पेटवते, मला ती सांगायला नको.

चंद्राबाईनं साहेबांना सांगितलं होतं, आत आले, बघितलं आणि ओरडले. मग मधला पाऊण तास कुठं गेला?

मी तलावाकडे गेले. तिथं चपला बाहेर काढायचा नियम, गेनूही अनवाणीच फिरायचा. मी अनवाणी जाळीवर उभी राहिले, बादलीभर पाणी ओतलं आणि मुद्दाम पाय घासला. जाळीनं पाय असा धरला की मीच पुढं झुकले. अय्युब खरं बोलत होता. गेनूचं कानशील आपटलं त्या कडेजवळचा जाळीचा तुकडा मी उचलला. उचलताना खालून काहीतरी खळ्ळकन वाजलं.

ॲल्युमिनियमची चुन्याची डबी होती. झाकणावर खिळ्यानं 'गे' कोरलेलं.

४

आता ही डबी नीट सांगायला हवी. गेनू तंबाखू खायचा आणि ती डबी त्याच्या सदऱ्याच्या खिशात असायची. सोमवारी चार वाजता ती मी त्याच्या हातात बघितली होती, रिसॉर्टच्या फाटकातच. त्या दिवशी आमच्या वाडीत नळपाणी योजनेची ग्रामसभा होती. ठरावाला गावातल्या निम्म्या बायका हजर लागतात, नाहीतर योजना पुढं सरकत नाही. बायका येत नाहीत, बायका कामावर असतात. म्हणून टेम्पो घेऊन मी स्वतः एकेकीला गोळा करत फिरत होते. चंद्राबाई कायतरी राहिलंय म्हणत होती. मी ऐकून घेतलं नाही, तिला दंडाला धरून टेम्पोत चढवली. गेनू फाटकात तंबाखू मळत हसत उभा होता.

म्हणजे चार वाजता डबी त्याच्याकडे होती आणि आता ती जाळीच्या खाली; मंगळवारपासून तलाव बंद, जाळीला कुणी हात लावलेला नाही. जाळीची भोकं बोटभर, त्यातून डबी खाली जात नाही. माणूस पडला, खिशातून डबी पडली, तर ती जाळीच्या वर पडायला हवी. खाली जायची तर एकच वाट. तो पडल्यानंतर कुणीतरी जाळी उचलली.

घरी आले तेव्हा माझी सासू फुलाबाई ओट्यावर पडली होती. दुपारची झोप तिला तिथंच लागते. हसीनानं ठेवलेला जाळीचा तुकडा तिनं उशाला घेतला होता, म्हातारीला कशाचंही उसं चालतं. मी उठवलं, तशी ती कुशीवरून उठून बसली. तिच्या गालावर चार पट्ट्या उमटल्या होत्या.

गेनूच्या गालावर होत्या तशाच. तुकडा बघितला, तर तिनं तो उलटा ठेवला होता, पट्ट्यांचं अंग वर. मी तो सुलटा केला आणि त्यावर स्वतःचा तळहात दाबून धरला. ठिपके उमटले. उलटा केला, पुन्हा दाबला, तर रेघा. सासूबाई म्हणाल्या, "काय गं, खुळी झालीस का?"

मी मोरीत गेले, तुकडा उलटा ठेवला, त्यावर पाणी आणि चमचाभर गोडंतेल ओतलं आणि पाय दिला. दोन्ही हातांनी भिंत धरली नसती तर माझंही कपाळ फुटलं असतं.

गेनू सोमवारी रात्री उलट्या जाळीवरून चालत गेला होता. ट्यूब नव्हती, पाय अनवाणी, हौदाचं पाणी आणि धुऊनही खोबणीत राहिलेलं तेल. तो आपटला आणि रात्रभर डाव्या गालावर त्या पट्ट्यांवर पडून राहिला. सकाळी कुणीतरी त्याला जाळीवरून ओढून कडप्प्यावर उताणा घेतला आणि मग सगळी जाळी सुलटी केली. म्हणून गालावर रेघा होत्या आणि डबी खाली गेली. सोळा तुकडे होते. एका माणसाला ते पालटायला निम्मा तास तरी लागतो.

तो पाऊण तास मला सापडला होता. पण तो ज्या घरात घेऊन जायचा होता, तिथं तिसऱ्याची राख सावडून माणसं नुकतीच परतली होती.

५

मी गेले नाही. खरंच गेले नाही त्या दिवशी. पाय उचलला नाही माझा. एका बाजूला हसीना, तिचा माणूस आत बसलेला. दुसऱ्या बाजूला चंद्राबाई, तिचा माणूस मेलेला. मी रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी उठून आधी गेले ती तिच्याकडेच.

वाडीच्या टोकाला तिचं घर. भावकीतली धोंडाबाई सोबतीला होती, तिला मी पाणी आणायला पाठवलं. चंद्राबाई भिंतीला टेकून बसली होती, हातात बांगड्या नव्हत्या. मी चुन्याची डबी तिच्यासमोर ठेवली. तिनं ती लगेच उचलली नाही. नुसती बघत राहिली.

मग तिनं मला न विचारताच सगळं सांगितलं. दर सोमवारी ती जाळीचे तुकडे घासून धुवायची आणि वाळायला उपडे घालायची. कुणी शिकवलं नव्हतं तिला. आपण भांडी घासून फळीवर उपडी घालतो, पाणी निथळावं म्हणून. तसंच तिनं केलं. पट्ट्यांच्या खोबणीतच सगळी बुळबुळी बसते, तिला ऊन लागायला हवं, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. पाच वाजता एकेक तुकडा सुलटा करायचा आणि घरी जायचं. अय्युबला हे माहीत नव्हतं, कुमारला माहीत नव्हतं, आणि गेनूलाही. तो सहानंतर कामावर यायचा. त्या सोमवारी तेवढा चार वाजता आला होता, बायकोला टेम्पोपर्यंत पोचवायला.

"सकाळी आले तर ह्ये पडल्यालं. वाटलं जीव हाय. वडून दगडावर घेतलं, तोंडात पानी घातलं. ते भाईरच आलं. मग माझं ध्यान जाळीकडं गेलं." तिनं डबी हातात घेतली. "सोळा तुकडं पालटलं म्या. रडायला बी मागनं बसले."

मी विचारलं, का पालटलीस? ती म्हणाली, लोक म्हणाले असते हिनंच नवऱ्याला मारला. आणि अय्युब? तो आत गेला हे कळलं होतं की नाही? कळलं होतं. मिस्त्री मोठा माणूस, त्याच्या वळखी असत्याल, चार दिवसांत सोडतील, असं तिला वाटलं होतं. हे सांगताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

मी म्हटलं, चंद्राबाई, हे साहेबांना सांगावं लागेल. मला वाटलं ती पाया पडेल, नाही म्हणेल. मी त्याची तयारीही केली होती. ती पदर सावरून सरळ बसली.

"सांगते की. पन मला बोलवायला कोन आलं हुतं, त्ये बी सांगू का?"

६

घरी येऊन मी कपाट उघडलं. सभेच्या हजेरीचं रजिस्टर ग्रामसेवकानं माझ्याकडेच ठेवलं होतं, अंगठे माझ्यासमोर घेतले म्हणून. सोमवारची तारीख, वेळ दुपारी चार. एकेचाळिसावा अंगठा चंद्राबाईचा. निम्म्या बायका म्हणजे बरोब्बर एकेचाळीस. ती आली तेव्हा कोरम भरला म्हणून मी टाळ्या वाजवल्या होत्या, हे मला आठवलं आणि स्वतःची लाज वाटली.

आणखीही आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरले कधीच नव्हते, फक्त त्याच्याकडे बघत नव्हते. चंद्राबाई टेम्पोत चढताना 'कायतरी' म्हणत नव्हती. तिनं अगदी स्वच्छ सांगितलं होतं, पाटीलबाई, जाळ्या पालटायच्या राहिल्यात, पाच मिन्टं द्या. आणि मी म्हणाले होते, येऊन पालट की, पळून जात्यात का त्या?

ती येऊन पालटणार होती. पण वरून पाणीयोजनेचे साहेब यायचे होते, त्यांच्यासमोर ठराव व्हायचा होता. पाच वाजले, सहा वाजले. बायका उठायला लागल्या की मी दरडावून बसवत होते. चंद्राबाई दोनदा उठली, दोनदा मी तिला बसवलं. पावणेआठला निरोप आला, साहेब येत नाहीत, सभा तहकूब. तोवर रिसॉर्टला कुलूप लागलं होतं आणि गेनू आत होता.

मी रजिस्टर पिशवीत घातलं, डबी घातली, जाळीचा तुकडा घातला आणि चंद्राबाईला घेऊन भोरला गेले. एसटीत ती खिडकीशी बसली होती.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. फुलाबाईच्या गालाची गोष्ट ऐकून त्यांनी स्वतः तुकड्यावर हात दाबून बघितला. मान हलवली. अय्युबवरचं फसवणुकीचं कलम जाईल म्हणाले, तो सुटेल. माझा अर्धा जीव हलका झाला. मग त्यांनी कागद पुढं ओढला.

"पण पाटीलबाई, माणूस मेलाय. नाव कुणाचं तरी लिहावं लागेल. कुणाचं लिहू?"

मी म्हटलं, कुमारचं लिहा, आठ दिवस ट्यूब लावली नाही. ते म्हणाले, ट्यूब जाणं हा गुन्हा नाही. मी म्हटलं, मग माझं लिहा. मी तिला कामावरून उचलून नेली, तिनं सांगितलं तरी ऐकलं नाही, पावणेचार तास बसवून ठेवली. हे घ्या रजिस्टर, वेळ लिहिलीय. साहेबांनी रजिस्टर बघितलं, परत माझ्याकडे सरकवलं. बायकांना ग्रामसभेला आणणं तुमचं कामच होतं, ते म्हणाले, तुम्ही चोख केलंत.

मी भांडले. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. मी आयुष्यात इतकी भांडकुदळ म्हणून ओळखली गेले आणि जिथं भांडायला हवं तिथं माझ्या भांडण्याचा काडीचा उपयोग झाला नाही. जाळी कुणी उपडी घातली, तिनं. कुणी पालटली नाही, तिनं. कुणी लपवलं, तिनं. कागदावर बाकी कुणी बसतच नव्हतं.

चंद्राबाईनं अंगठा पुढं केला. शाईचा डबा जवळ घेताना तिनं मला विचारलं, "पाटीलबाई, नळाचा ठराव झाला का वो?"

मी नाही म्हणाले. ती बरं म्हणाली आणि अंगठा उठवला.

७

अय्युब शनिवारी सुटला. हसीना माझ्याकडे आली, माझे दोन्ही हात धरले आणि रडली. मीही रडले, पण ते तिच्यासाठी नव्हतं आणि ते तिलाही कळलं. तिनं विचारलं, त्या बाईचं काय? मी सांगितलं, माझे मालक जामिनाला उभे राहिले, घरी आहे, पुढं तारखा चालतील. हसीनानं डोळे पुसले. मग म्हणाली, मी तिच्याकडं जाऊ का? मी म्हटलं, नको. तुला बघून तिला आणखी वाईट वाटेल. खरं सांगायचं तर दोघींना एका ठिकाणी बघायची माझ्यातच हिंमत नव्हती.

कुमारनं अय्युबला परत बोलावलं. त्यानं सोळाही तुकड्यांवर पिवळ्या रंगानं बाण काढून दिले, वरचं अंग कुठलं ते कळावं म्हणून. फुकट काढून दिले. पुढच्या शनिवारी तलाव पुन्हा चालू झाला. झाडलोटीला दुसरी बाई लागली, पलीकडच्या वस्तीवरची. वाडीत लोक बोलायचे ते बोललेच. नवऱ्याला हिनं खाल्लं, असं पाणवठ्यावर एकीनं म्हटलं. मी तिला अशी झापली की ती घागर टाकून गेली. दुसऱ्या दिवशी दुसरी कुणी म्हणाली. मी कुणाकुणाची तोंडं धरणार?

तेराव्यानंतर आठ दिवसांनी ग्रामसेवक कागद घेऊन आला. तहकूब ग्रामसभा सोमवारी, दुपारी चार, या वेळी साहेब नक्की येणार. निम्म्या बायका हजर हव्यात. मी मोजून काढल्या. दोघी माहेरी गेलेल्या, एक बाळंतीण. चंद्राबाईला सोडून कुठूनही मोजलं तरी चाळीसच होत होत्या.

साडेतीन वाजले तरी मी घरात घुटमळत होते. सासूबाई म्हणाल्या, जायचं तर जा, नाहीतर बस. मी गेले. चंद्राबाईचं दार उघडं होतं. ती नुकती भांडी घासून उठली होती, हात ओले होते. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. काय म्हणायचं होतं मी, चल?

तिनंच माझ्या हातातला कागद बघितला.

"किती वाजता?"

"चारला," मी म्हटलं. "साहेब येणार हायेत म्हणं."

"येते," ती म्हणाली. पण ती लगेच निघाली नाही. आत गेली. फळीवर तिची भांडी उपडी घातलेली होती. दोन ताटं, तांब्या, पातेली, पेले, गेनूची वाटी. अजून पाणी निथळत होतं. तिनं एकेक भांडं उचललं, सुलटं करून ठेवलं, पुढचं उचललं. चार वाजायला पाच मिनिटं होती. शेवटची वाटी सुलटी होईपर्यंत मी दारात उभी राहिले आणि या वेळी मी तिला चल म्हणाले नाही.